दुपट्याचं तोंड

१

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. दुधाचा थेंब नखावर घेऊन पाहिल्याशिवाय मी पातेलं पुढं करत नाही, भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघते, आणि घराला लावलेलं कुलूप ओढून पाहिल्यावर चार पावलं जाऊन परत येते, पुन्हा ओढते. नवरा म्हणतो, "तुले पोलिसात भरती कराले पाहिजे होतं." नवऱ्याचं नाव शेखर. नांदुऱ्यात स्टेशनमागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे आणि गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोटारसायकलचं गॅरेज. रेल्वेगाडी गेली की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरतात. नव्या माणसाला त्याची भीती वाटते, आम्हाला गाडी उशिरा आली तर चुकल्यासारखं होतं.

दिवाळीनंतर माझी नणंद रुपाली बाळंतपणाला आमच्याकडे आली. सासूबाई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मीच. तिचं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं, दिवस भरायच्या बरंच आधी, आणि तेही याच घरात. तेव्हा सासूबाई होत्या. त्यांनी सगळं आवरलं आणि त्या दिवसाबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही. या वेळी रुपाली उंबऱ्यातून आत आली ती पोटावर दोन्ही हात ठेवून. मी तिचं लिंबलोण उतरवलं आणि मनात ठरवलं, हे लेकरू हाती येईपर्यंत कशावरही विश्वास ठेवायचा नाही.

बाजारचं दुपटं मला नको होतं. त्याच्या आत काय भरतात कोण जाणे. सासूबाईंचं जुन्या कपड्यांचं गाठोडं कपाटावर पडून होतं. त्यातली मऊ झालेली सुती पातळं फाडून मी थर रचले आणि साधा धावदोरा घातला. कडा तेवढ्या उघड्या राहिल्या. त्या मला नक्षीदार हव्या होत्या, आणि किनारीचा काजटाका मला येत नव्हता. म्हणून मी नूरजहांआपांचा क्लास लावला.

आपा कापूस मार्केटच्या रस्त्याला, आपल्या घराच्या पुढच्या खोलीत शिकवतात. हात गोड आणि तोंड फटकळ. शिकवताना त्या बोटाकडे बघत नाहीत, रस्त्यावरून कोण गेलं ते बघतात, आणि तरी आपली चूक त्यांना बरोबर दिसते. पहिल्या दिवशी मी सरावाच्या चिंधीवर टाके घातले तर सगळे नुसते तिरके वेढे पडले, पोत्याचं तोंड शिवल्यासारखे.

"दोरा सुईच्या खाली घे," आपा म्हणाल्या. "खाली! मांगं राह्यला तं फास कसा पडंन? आन फास पडला की अंगठ्यानं धर. सोडू नोको. दोरा ओढला, टाका बसला, मंग सोड."

एवढंच आहे त्या टाक्यात. सुई कापडात वरून टोचायची, कडेच्या बाहेर काढायची, टोकाखालून दोरा घ्यायचा, अंगठ्याखाली फास धरायचा. ओढलं की कडेवर दोऱ्याची दोरी बसते आणि टाक्याचे पाय कापडावर उभे राहतात.

निघताना आपांनी विचारलं, "आत कोणाचे लुगडे घातले?"

"सासूबाईंचे."

"लेकुरवाळीचेच पाहिजेत हां. पाहून घेतलं ना?"

"हाव."

"आन तोंड सोडजो. सारी किनार शिवून टाकू नोको. वीतभर उघडी राहू दे. लेकरू घरी आलं की मंग बंद करजो."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? सोडतेतच तोंड," असं म्हणून त्या दुसऱ्या बाईकडे वळल्या.

२

हात बसायला वेळ लागला, पण बसला. दुपारी जेवणं झाली, रुपाली बाजेवर आडवी झाली, की मी खिडकीपाशी दुपटं मांडीवर घेऊन बसायची. त्या दिवसांत कापसाच्या गाड्या चालू होत्या. रस्त्यावरून उडालेले पुंजके खिडकीच्या जाळीला चिकटून बसायचे. माझ्याकडे हिरव्या दोऱ्याच्या लड्या होत्या. एकेक टाका बसत गेला तशी कड उठून दिसू लागली, आणि मला स्वतःचंच कौतुक वाटू लागलं. फास धरून धरून माझ्या डाव्या अंगठ्याला, नखाच्या बाजूला, दोऱ्याची एक बारीक खाच पडली. आपांच्या अंगठ्यालाही तशी आहे. क्लासातल्या जुन्या बायांची ओळखच ती.

तीन बाजू झाल्या. चौथीचं थोडं शिवून मी थांबले आणि वीत लावून पाहिली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बरोबर माझी वीत. एवढं तोंड सोडलं, शेवटच्या टाक्याला गाठ मारली आणि दुपट्याची घडी करून ठेवली. नंतर कडेच्या आतल्या बाजूला थोडी नक्षी करायची माझ्या मनात होती, म्हणून मी क्लास सोडला नाही.

दोन-चार दिवसांनी सहज वीत लावली. करंगळी उघड्या जागेत मावेना. ती शिवलेल्या कडेवर टेकली.

कापड आटलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण कापड धुतलं नव्हतं. आणि जुनं पातळ कितीदा धुतलेलं असतं, ते आता काय आटणार? मग मला वाटलं, माझीच वीत त्या दिवशी नीट ताणली गेली नसेल. मी पुन्हा ताणून पाहिली. शिरा दुखल्या, पण करंगळी मावली नाही ती नाहीच.

३

संशय घ्यायचा तर घरातल्या माणसांपासून, हा माझा नियम आहे. आधी रुपालीवर घेतला. लेकरासाठी आपलाही हात लागावा असं तिला वाटलं असेल आणि मी झोपल्यावर तिनं गुपचूप चार टाके घातले असतील.

"मी?" ती म्हणाली. "वहिनी, मले तं सुई पाह्यली तरी कसंतरी होते आताशा. त्या दवाखान्यातल्या सुया काय कमी हायेत?"

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना ती पदराशी चाळा करते, लग्नाआधीपासूनची सवय आहे तिची. त्या वेळी तिचे हात पोटावर होते.

संध्याकाळी शेखरला विचारलं. तो हातावरचं काळं ऑइल पुसत होता.

"काय वं, म्या गॅरेजमंधी पंक्चर काढतो, दुपटे नाही शिवत," तो म्हणाला आणि एवढा हसला की शेजारचे डोकावले. "आता चोर लोक घरात घुसून टाके घालून जातेत म्हण ना. आपल्याले तं चांगलंच हाय. माही फाटकी पँटही ठेवून दे बाहेर."

मी हसले नाही. दुपटं लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली मंगळसूत्राच्या पिनेला अडकवली. आंघोळीलाही काढली नाही. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडलं. घडी जशीच्या तशी होती. तोंड आणखी कमी झालं होतं. आता त्यात माझी चार बोटं आडवी कशीबशी बसत होती.

मग मी स्वतःवर संशय घेतला. माणूस झोपेत चालतं, बोलतं, तर शिवतही असेल. पण माझी हिरवी लडी गुंडाळून ठेवली होती तशीच होती. मी दुपटं खिडकीच्या उजेडात धरलं. जिथं तोंड बंद होत आलं होतं तिथं वर टाक्याचे पाय दिसतच नव्हते. दोन्ही कडा आत ओढल्या गेल्या होत्या, दात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे ओठ असतात तशा.

मी बोटांनी तोंड फाकवलं आणि आत पाहिलं.

पाय आत होते. दोऱ्याची दोरीही आतल्या बाजूला बसली होती. सगळा काजटाका होता, पण आतून घातलेला. दोरा हिरवा नव्हता, तांबडा होता. आणि जिथून तो सुरू झाला होता तिथले पहिले टाके नुसते तिरके वेढे होते. फास पडलेलाच नव्हता. पुढं एक फास पडला होता, सैल. मग आणखी एक. मग हात बसत गेला होता.

पहिल्या दिवशीची माझी चिंधी मी जपून ठेवली होती. मी ती शेजारी धरली. तीच चूक, तशीच.

४

"आतून कोण शिवंन?" शेखर म्हणाला. "तूच उलटं धरून शिवलं असशीन. तुह्याच हातचे टाके हायेत, तुह्यासारखेच तर दिसतेत."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तेच मला छळत होतं. मी दुपटं उलटं-सुलटं धरून पाहिलं, दोन बोटं आत घालून पाहिलं. वरून हात घालून असे टाके घालता येत नाहीत. सुई फिरवायला जागाच नाही. आत बसून शिवायचं तरच.

दुपटं घरी एकटं ठेवायला मन होईना, म्हणून मी ते पिशवीत घालून क्लासला घेऊन गेले. पिशवी मांडीशी ठेवली, तिच्या तोंडावर रुमाल टाकला, बाहेर काहीच काढलं नाही. त्या दिवशी आपांनी टाक्याची नक्षी शिकवली, एक पाय लांब, एक आखूड. मी ती चिंधीवर काढली. माझा हात चालत नव्हता, तेव्हा आपा मोठ्यानं म्हणत राहिल्या, "लांब. आखूड. लांब. आखूड."

घरी आल्यावर पिशवी उघडायचा मला धीर होत नव्हता. आधी चहा केला, रुपालीला दिला, स्वतः घेतला. मग उघडली. तोंडाच्या आत तीन टाके नवे होते. लांब, आखूड, लांब.

दुपट्यानं ती नक्षी पाहिली नव्हती. त्याच्या कानावर तेवढी पडली होती. हे वाक्य मी मनात म्हटलं आणि मग किती तरी वेळ मला आमच्या खोलीतले आवाज ऐकू येऊ लागले. माठाखाली टपकणारं पाणी, रुपालीचा श्वास. आणि घडी केलेल्या कापडातून येणारा एक आवाज, दोरा कापडातून ओढल्यावर येतो तेवढाच.

५

आता संशय आपांवर गेला. पिशवी त्यांच्याच घरी होती, टाका त्यांचाच होता. दुसऱ्या दिवशी मी बाया जायची वाट पाहिली आणि दुपटं त्यांच्यापुढं टाकलं.

"माह्या मांगं तुमी याले हात लावता का?"

आपांचा चेहरा लाल झाला. "मले काय काम नाही का वं? लोकाच्या दुपट्याले टाके घालत बसू, ते बी फुकट?" असं म्हणत त्यांनी दुपटं ओढलं, किनार बघितली, एका जागी "हे सैल राह्यलं" म्हणून माझी चूकही काढली. मग तोंडापाशी आल्या. आतला तांबडा टाका पाहिला. न बघता बोटानं टाका ओळखणारी बाई ती. त्यांनी एक बोट आत घातलं, टाक्यांवरून फिरवत नेलं.

आणि बोट झटकन बाहेर काढून ओढणीला पुसलं.

"काय झालं?"

"काही नाही." त्या रस्त्याकडे बघत होत्या, पण रस्त्यावर कोणी नव्हतं. "हा लाल दोरा तुह्याजवयचा हाय?"

"माह्याजवय लाल नाहीच."

"मंग आतल्या लुगड्याच्या काठातून निंघाला असंन. कोणाचं हाय ते लुगडं?"

"सांगतलं ना, सासूबाईंचं."

"घरी जाऊन पाह्य," त्या म्हणाल्या. त्यांनी दुपट्याची घडी स्वतः केली नाही, मलाच करू दिली. "आन इथं आणू नोको आता. क्लासात नव्या सुना बसतेत माह्या."

आपांना मी कधी हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

६

घरी आल्याआल्या मी ब्लेड घेतलं. काय असेल ते असेल, तांबडे टाके उसवून टाकायचे. रुपाली बाजेवर कुशीवर पडली होती, तिचं तोंड माझ्याकडे होतं. मी दुपट्याचं तोंड फाकवलं, पहिल्या टाक्याखाली ब्लेडचं टोक घातलं आणि कापलं.

रुपाली किंचाळली.

मी धावले. ती पोट धरून उठून बसली होती, ओठ पांढरे पडले होते. "काही नाही, काही नाही," ती म्हणाली, "एक सणक आली. आतून कोणी दोरा ओढल्यासारखी. वहिनी, तुम्ही दुपारी शिवाले बसता ना, तवाही असंच होते. पण ते बारीक असते. म्या तुमाले सांगतलं नाही, तुम्ही उगाच घाबरान."

मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. माझ्या बोटाला तांबड्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. तिनं तो घेतला, उजेडात धरला.

"हा कुठून आला?"

मी दुपटं दाखवलं. तिनं तोंडातून आतला थर चिमटीत धरून थोडा ओढला. पांढरं सुती कापड, तांबडा काठ, काठावर बारीक रुईफूल.

"हे आईचं नाही," ती म्हणाली. "हे माह्यं हाय. त्या दिवशी माह्या अंगावर होतं. आईनं धुऊन ठेवलं असंन."

सासूबाई काटकसरी होत्या. चांगलं कापड टाकवलं नसेल त्यांना. गाठोड्यात ठेवलं आणि मी ते सगळ्यात मऊ म्हणून सगळ्यात आत, मधोमध घातलं होतं. आपांनी विचारलं तेव्हा मी हाव म्हणून मोकळी झाले. ज्या बाईनं दुधाचा थेंबही नखावर घेतल्याशिवाय कधी घेतला नाही, त्या बाईनं. मला स्वतःचा एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

रुपाली मात्र रडली नाही. तिनं तो काठ परत आत सरकवला, अगदी हळू, आणि वरून हात फिरवला. "असू द्या," ती म्हणाली. "उसवू नका वहिनी. दुखते."

मी ब्लेड शिलाईच्या डब्यात ठेवून दिलं. क्लास सोडला. दुपटं कपाटात ठेवलं आणि त्याच्यासमोर शिवणाचा एक शब्दही काढायचा नाही असं ठरवलं. पण त्याला आता माझी गरज उरली नव्हती. टाका येत होता त्याला. रोज कपाट उघडलं की तोंड थोडं लहान झालेलं असे. तीन बोटं, मग दोन.

७

रुपालीला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. शेखरनं गाडी आणली आणि तिला मलकापूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. मी मागून जुने कपडे, डबा आणि कागदं घेऊन यायचं ठरलं. स्वयंपाक करून सगळं भरेपर्यंत दोन-तीन तास गेले. मी घराला कुलूप लावायला गेले, आणि कपाटाकडे बघणार नाही असं ठरवूनही पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

"ऐकून राह्यली का?" शेखरचा आवाज ओळखू येत नव्हता. "डॉक्टरीण म्हणते लेकरू खाली सरकूनच नाही राह्यलं. अडकल्यासारखं झालं. ठोके कमी होऊन राह्यले. सही घेऊन राह्यले ते माही. तू लवकर ये."

मी फोन ठेवला आणि कपाट उघडलं.

दुपटं मी खाटेवर, खिडकीच्या उजेडात पसरलं. तोंड जवळजवळ बंद झालं होतं. एकच टाका राहिला होता. अंगठा जाईल एवढी फट, आणि फटीत तांबड्या दोऱ्याचा फास पडलेला. ओढायचा तेवढा बाकी होता.

ब्लेड शिलाईच्या डब्यात होतं. मला ती किंकाळी आठवली आणि माझा हात पुढं गेला नाही. आत्ता कापलं तर तिकडे काय होईल? आणि नाही कापलं तर? मी गुडघ्यावर बसले आणि फटीत पाहिलं.

फास नुसता पडलेला नव्हता. तो धरलेला होता. दोऱ्यावर एक अंगठा होता. तांदळाच्या दाण्याएवढं नख, त्याच्या बाजूची कातडी पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली, आणि त्या कातडीवर दोऱ्याची खाच. माझ्या अंगठ्यावर आहे तीच, त्याच जागी. त्याच्यामागे अंधारात आणखी काहीतरी हललं, असं मला वाटलं. तेवढ्यात रेल्वेगाडी आली, भांडी वाजायला लागली, खाट हलू लागली. गाडीमुळेच असेल, असं मी म्हटलं.

दोरा हळूहळू ताणला जाऊ लागला. फास लहान होत होता.

मी काय बोलायला हवं होतं ते मला अजून कळत नाही. देवाचं नाव आलं नाही तोंडात. आपांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं तेवढंच आलं, आणि मी ते शिकवणाऱ्या बाईच्या आवाजात म्हटलं.

"टाका चांगला बसला. आता सोड."

अंगठा तसाच राहिला.

"सोड म्हणते ना. टाका बसला की सोडायचं असते."

गाडी निघून गेली. भांडी थांबली. अंगठा दोऱ्यावरून एकदा घसरला, परत आला, आणि मग आत गेला. फास सैल पडला. आणि मग एकामागून एक सगळे तांबडे टाके सुटत गेले, कोणी पलीकडून दोरा ओढून घेतल्यासारखे. पुन्हा वीतभर तोंड उघडं झालं. मी आत पाहिलं तर पांढऱ्या कापडाची घडी होती, बाकी काही नाही.

फोन वाजला. शेखर रडत होता. "पोरगी झाली वं. आपोआप झाली, कापाले लागलं नाही. दोघीही चांगल्या हायेत."

मी खाटेच्या पायाला धरून बसले आणि तोंडात पदर कोंबून हुंदके दिले. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

८

पोरगी सुरेख होती. भरपूर जावळ, गोरी, मुठी घट्ट मिटलेल्या. दवाखान्यात मी तिला पहिल्यांदा घेतलं तेव्हा सवयीप्रमाणे सगळी बोटं पाहून घेतली. डावी मूठ उघडली. अंगठ्याला नखाच्या बाजूला एक बारीक खाच होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात मूठ आवळून राहिली की वळ पडतात, जातील दोन दिवसांत. गेले नाहीत. पण मला भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. म्हणजे शिवत होती ती हीच होती. आत बसून आमचं बोलणं ऐकत होती, शिकत होती. माझी पहिली शिष्यीण, असं मी तिच्या कानात म्हटलं. तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. नुकत्याच जन्मलेल्या पोरांची नजर ठरत नाही म्हणतात. हिची ठरत होती.

बारशाच्या आधी आपा बघायला आल्या. पोरीच्या हातावर नोट ठेवली, तोंड पाहिलं, आणि जाताना दारात मला म्हणाल्या, "आता तोंड बंद करून टाक दुपट्याचं. लेकरू घरी आलं ना?"

"आलं," मी म्हटलं.

९

त्याच दुपारी मी हिरवी लडी काढली. रुपाली पोरीला पाजून बाजेवर झोपली होती, पोरगी पाळण्यात होती. मी खिडकीपाशी बसले, सुईत दोरा ओवला आणि दुपट्याचं तोंड चिमटीत धरलं. आत काहीतरी तांबडं दिसलं. मला वाटलं, जुना दोरा राहिला असेल. मी तोंड फाकवलं.

दोन नवे टाके होते.

तिरके वेढे. दोरा सुईच्या मागं राहिलेला. फासच पडला नव्हता.

ती पहिल्या दिवसाची चूक होती. जिनं तोंड जवळजवळ बंद करत आणलं होतं, तिनं ती चूक केव्हाच सुधारली होती. लांब-आखूडही येत होतं तिला. मी सोड म्हटल्यावर बाहेर आली ती त्या पांढऱ्या कापडातली, शिकून आलेली होती, अंगठ्याला खाच घेऊन. आणि रुपालीनं नऊ महिने पोटात वाढवलेली जी आत राहिली, तिला अजून टाकासुद्धा येत नाही. ती आता कुठं सुरुवात करते आहे.

मी पाळण्याकडे पाहिलं. पोरगी जागी होती. रडत नव्हती. पाळण्याच्या फळीवरून माझ्या हातातल्या दुपट्याकडे बघत होती, माझ्याच घरात मी आजवर सगळ्यांकडे जसं पाहिलं, तसं.

तोंड मी बंद केलं नाही. आपांना सांगितलं, केलं. शेखरला वाटतं, दुपटं जुन्या कपड्यांत गेलं. रुपाली पोरीला छातीशी धरून मुके घेते, तिच्याशी बोलते, आणि मला म्हणते, "वहिनी, तुम्ही माह्या पोरीले काऊन घेत नाही हो? एवढं केलं तुम्ही तिच्यासाठी." त्या माउलीला मी काय सांगू? ती सव्वा महिन्यानंतर सासरी जाईल, पोरीला घेऊन. त्याआधी मला ठरवायचं आहे, आणि ठरवायचं काय, माझे हात आधीच कामाला लागले आहेत.

कारण दुपारी दोघी झोपल्या की मी कपाट उघडते, दुपटं मांडीवर घेते, तोंडाशी वाकते आणि हळू आवाजात सांगते, दोरा सुईच्या खाली घे बाई, खाली. फास पडला की अंगठ्यानं धर. घाई करू नको. कालचा टाका जरा बरा होता. एक दिवस तिचा हात बसेल आणि मला पुन्हा सोड म्हणावं लागेल. तेव्हा पाळण्यात काय उरेल, हे मला माहीत नाही.

मी बोलायला लागले की पाळण्याची करकर थांबते. पोरगी श्वास धरून ऐकत असते.

"वहिनी," रुपाली झोपेतच विचारते, "कोणाशी बोलून राह्यल्या?"

"कोणाशी नाही," मी म्हणते. "टाके मोजून राह्यली."